ड्रंक अँड ड्राइव्हचा शिक्का बसला, आता गाडी कोण देणार?



चिकलठाणा एमआयडीसीत मागे आपली हिशोबाची कार्यशाळा झाली होती. ती संपली, चहा झाला, लोक पांगले. एक जण मात्र खुर्च्या उचलायला मदत करत मागे रेंगाळला. मला वाटलं, लोनबद्दल विचारायचं असेल. तसंच होतं, पण त्याच्या पुढे बरंच काही होतं.

"सर, छोटा हत्ती घ्यायचा विचार आहे. मुद्रा लोन होईल का?"

मी विचारलं, "आत्ता काय करता?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बारा वर्षं आयशर चालवली. आता बसून आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली. कोर्टात दंड भरला, लायसन्स सहा महिने बंद आहे. मालकांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. दोन-चार ट्रान्सपोर्टला जाऊन आलो, सगळीकडून नाही. म्हटलं, स्वतःचीच गाडी घेतली तर कोण विचारतंय?"

आणि जाता जाता म्हणाला, "घरी अजून सांगितलेलं नाही सर. सकाळी डबा घेऊन निघतो, संध्याकाळी परत जातो."

मित्रांनो, हा डबा माझ्या डोक्यातून गेला नाही. जालना रोडवर, केंब्रिज चौकात, शेंद्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज शेकडो गाड्या धावतात. त्यातल्या किती ड्रायव्हरांच्या मागे असा एखादा शिक्का असेल, कोण जाणे. कोणी त्यावर बोलत नाही. आज आपण बोलू. दारू पिऊन गाडी चालवणं ही किरकोळ चूक आहे असं मी एका ओळीतही म्हणणार नाही. समोरून येणाऱ्याचा जीव जातो. पण शिक्षा भोगून झालेल्या माणसाने पुढे पोट कसं भरायचं, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर आहे.

आधी कायदा समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं, दंड भरला म्हणजे विषय संपला. तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ चा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, तो कोर्टात जातो. तिथे "हो साहेब, चूक झाली" म्हणून दंड भरला, की कायद्याच्या भाषेत तुम्ही दोषी ठरलात.

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

दंडापेक्षा जास्त लागतं ते लायसन्सचं. ते दोन दारांनी जातं.

पहिलं दार कोर्टाचं. कलम २० प्रमाणे, कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्ट कमीत कमी ६ महिने लायसन्स ठेवायला अपात्र ठरवतं.

दुसरं दार आरटीओचं. पोलिस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून घेऊन पहिल्या वेळी ३ महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतं. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच करू शकतं. निलंबित झालेलं लायसन्स परत घेताना रिफ्रेशर ट्रेनिंगही पूर्ण करावं लागतं. आरटीओचा आदेश चुकीचा वाटला तर ३० दिवसांत अपील करता येतं.

म्हणून पहिलं काम सांगतो. कोर्टाच्या आणि आरटीओच्या आदेशाची प्रत हातात घ्या. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या प्रकारच्या गाड्यांसाठी बंदी आहे, ते वाचा. समजलं नाही तर वकिलाला दाखवा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० हा त्यांच्या मदतीचा नंबर आहे. "मित्राने सांगितलं" यावर या बाबतीत चालू नका.

३ वर्षांची गोष्ट, जी कोणी सांगत नाही

कोर्ट जेव्हा अपात्र ठरवतं, तेव्हा त्याची नोंद लायसन्सवर होते. नवीन लायसन्स काढलं तरी ती नोंद मागे येते. पण कायद्यातच पुढची सोयही आहे. कलम २४ सांगतं की नोंद झाल्यापुढची सलग ३ वर्षं दुसरी कोणतीही नोंद झाली नाही, तर जुनं लायसन्स जमा करून, फी भरून, नोंद नसलेलं स्वच्छ लायसन्स मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. बंदीचे महिने मात्र या ३ वर्षांत धरत नाहीत.

म्हणजे कायद्याने तुमच्या हातात कॅलेंडर दिलंय. ६ महिने बंदी आणि त्यानंतर ३ वर्षं. एकूण साडेतीन वर्षं. लोनचा हप्ता ५ वर्षांचा असतो, त्यापेक्षा हे कमी आहे. ज्याला गाडीचा हप्ता फेडता येतो, त्याला हाही फेडता येईल. फक्त यात एकही हप्ता चुकवता येत नाही.

मालक "नाही" का म्हणतो?

ट्रान्सपोर्टवाला तुमच्यावर रागावलेला नसतो. तो घाबरलेला असतो. त्याच्या खुर्चीत बसून बघा.

चाळीस लाखांची गाडी, वर कोणा पार्टीचा माल. ड्रायव्हर पिऊन चालवत होता हे सिद्ध झालं, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम इन्शुरन्स कंपनी नाकारते. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये एका निकालात सांगितलं की ब्रेथ टेस्ट झालेली नसली, तरी बाकीच्या पुराव्यांवरून ड्रायव्हर दारूच्या अमलाखाली होता हे दिसत असेल, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. समोरचा माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांची भरपाई कंपनीने आधी दिली, तरी ती नंतर मालकाकडून वसूल होण्याची वेळ येऊ शकते. आणि बंदी असलेल्या ड्रायव्हरच्या हातात स्टेअरिंग दिलं तर कलम १८० खाली मालकही गुन्हेगार.

एका रात्रीत धंदा बसू शकतो. त्यामुळे "मी आता सुधारलोय" हे वाक्य त्याच्या कानावर पडतं, पण मनात उतरत नाही. त्याला तुमच्या शब्दापेक्षा कागद जास्त उपयोगी पडतो.

बंदीच्या ६ महिन्यांत काय करायचं?

सगळ्यात आधी, काय करायचं नाही ते. एकही किलोमीटर चालवायचं नाही. गावाकडे नाही, रात्री नाही, "फक्त पंपापर्यंत" नाही. बंदी असताना चालवली तर कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. वर तुमचं कॅलेंडर पुन्हा पहिल्या पानावर.

अनेक जण या काळात क्लीनर म्हणून जातात. पोटासाठी ठीक आहे, पण एक धोका ओळखा. रात्री दोन वाजता ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड येते आणि तो म्हणतो, "घे रे जरा, तुला तर येतं." त्या वेळी नाही म्हणता येत नसेल, तर क्लीनर म्हणून जाऊ नका.

त्यापेक्षा ट्रान्सपोर्टच्याच ऑफिसात, गोडाऊनमध्ये काम शोधा. बिल्टी लिहिणं, लोडिंगवर लक्ष ठेवणं, वजनकाट्याच्या पावत्या, फास्टॅगचा हिशोब, ई-वे बिल. पगार ड्रायव्हरपेक्षा कमी मिळेल. पण विचार करा, बारा वर्षं तुम्ही माल पोचवला. त्या मालाचं भाडं कसं ठरतं, ब्रोकर किती ठेवतो, पार्टी पैसे किती दिवसांनी देते, हे तुम्हाला कधी दिसलं का? कॅबिनमधून धंद्याची एक बाजू दिसते, टेबलावरून दुसरी. उद्या स्वतःची गाडी घ्यायची असेल, तर हे ६ महिने पगारी ट्रेनिंग आहे असं समजा. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने चालते. ही साधी गोष्ट माहीत नसल्याने कितीतरी छोटे गाडीवाले रस्त्यात अडकतात.

दारूचं काय?

इथे मला थोडं कडक बोलू द्या. बाकी सगळं केलं आणि हे नाही केलं, तर सगळं पाण्यात.

"मी ड्युटीवर पीत नाही, रात्री झोपताना घेतो." हे वाक्य मी खूप ऐकलंय. चला, हिशोब करू. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के अल्कोहोल. म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. शरीर ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगानेच बाहेर काढतं. रात्री ११ वाजता क्वार्टर संपली आणि पहाटे ५ वाजता गाडी काढली, तर ६ तासांत सगळं उतरलेलं नसतं. तुम्हाला ताजंतवानं वाटेल, पण मशीन बोलू शकतं. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप जाते, अल्कोहोल जात नाही.

त्यामुळे ज्याला ही ३ वर्षं स्वच्छ काढायची आहेत, त्याच्यासाठी "बेताने घेतो" हा पर्याय मी ठेवत नाही.

रोज पिणाऱ्याने मात्र एकदम सोडून घरी पडून राहू नये. हातपाय थरथरतात, कोणाला फिट येते, ते जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. चिकलठाण्यातच मिनी घाटी म्हणजे जिल्हा रुग्णालय आहे, तिथे आधी दाखवा. घाटीत मानसोपचार विभाग आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला फी नसते आणि तिथे कोणी तुमचं आडनाव विचारत नाही.

जिथे जाल तिथली तारीख, केसपेपर जपून ठेवा. पुढे कामाला येणार आहेत.

भरोशाची फाइल

दहा रुपयांची प्लास्टिक फाइल घ्या. त्यात हे कागद लावा.

१. कोर्टाच्या आदेशाची प्रत आणि दंड भरल्याची पावती.
२. बंदी संपल्यावर परत मिळालेलं लायसन्स आणि रिफ्रेशर ट्रेनिंगचं प्रमाणपत्र.
३. डॉक्टरांचं फॉर्म १-अ मधलं ताजं मेडिकल सर्टिफिकेट.
४. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्यात केस दिसली तर दिसू द्या, ती तुम्ही सांगितलेलीच असेल.
५. जुन्या मालकाची दोन ओळींची चिठ्ठी: किती वर्षं होता, अपघात किती, मालाची तक्रार किती.
६. उपचाराचे किंवा मीटिंगचे कागद, तारखांसकट.

आता ही फाइल घेऊन जायचं कुठे? थेट मोठ्या कंपनीच्या गेटवर नको. तिथे निर्णय फॉर्म घेतो, माणूस घेत नाही. फॉर्ममध्ये "गुन्हा आहे का" समोर "हो" लिहिलं की पुढचं पान उघडत नाही. दोन-चार गाड्या असलेला मालक बघा, जो स्वतः ऑफिसात बसतो. आधी दिवसाच्या लोकल ट्रिप मागा: चिकलठाणा ते शेंद्रा, वाळूज, फार तर जालना. रात्री गाडी मालकाच्या दारात उभी राहते, सकाळी मालक तुमचं तोंड बघतो. त्यालाही बरं, तुम्हालाही बरं. लांब पल्ल्याची गाडी सहा महिने-वर्षाने आपोआप येईल.

आणि बोलायचं कसं? लपवायचं नाही. त्याने विचारायची वाट बघायची नाही. असं म्हणा:

"मालक, आधी एक सांगतो, मग कामाचं बोलू. माझ्यावर दारूची केस झाली होती. दंड भरला, सहा महिने गाडीला हात लावला नाही. हे कागद. आता पीत नाही, उपचार चालू आहेत. रोज सकाळी चावी देण्याआधी मशीनमध्ये फुंकायला लावा, माझी तयारी आहे. एक महिना लोकल द्या. पटलं नाही तर मी स्वतः चावी ठेवून जाईन."

हे बोलायला जड जातं, मला कळतं. पण लायसन्सची स्थिती आता परिवहनच्या साइटवर दिसते. जे उद्या कळणारच आहे, ते आज तुमच्या तोंडून कळलं तर ती तुमची बाजू होते. नंतर दुसऱ्याकडून कळलं तर तो दुसरा गुन्हा होतो, आणि त्याला कोर्टात अपील नाही.

दहापैकी सात-आठ जण तरीही नाही म्हणतील. त्यांचा राग धरू नका. तुम्हाला एकच "हो" हवाय.

"स्वतःची गाडी घेतली तर कोण विचारतंय?"

आता आपल्या मित्राच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. उत्तर असं की सगळेच विचारतात. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी लायसन्स बघते, इन्शुरन्स कंपनी क्लेमच्या वेळी बघते. आणि बंदीच्या काळात गाडी तुमची असली तरी स्टेअरिंग तुमचं नाही, पगारी ड्रायव्हर ठेवावा लागणार.

आकडे मांडू. हे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा छोटी गाडी ७ लाखांना पडली. १ लाख स्वतःचे, ६ लाख लोन, ११ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता साधारण १३,०५० रुपये. ड्रायव्हरचा पगार १६,०००. इन्शुरन्स, मेंटेनन्स, टायरसाठी बाजूला ७,०००. महिन्याला बांधील खर्च झाला ३६,०५०. डिझेल, टोल, हमाली वजा जाता एका ट्रिपला ७०० रुपये उरतात असं धरा. मग महिन्याला ५२ ट्रिप, म्हणजे २६ दिवस रोज दोन, मारल्या की तुमच्या हातात जवळपास शून्य!

तीच गाडी लायसन्स परत आल्यावर स्वतः चालवली, तर ड्रायव्हरचे १६,००० वाचतात. त्याच ५२ ट्रिपमध्ये साधारण १६ हजार तुमच्या घरी जातात. गाडी तीच, कर्ज तेच, ट्रिपा त्याच. फरक फक्त सहा महिने थांबण्याचा.

म्हणून माझा सल्ला: बंदी असताना कर्ज काढू नका. लायसन्स येऊ द्या, निदान वर्षभर दुसऱ्याची गाडी स्वच्छ चालवा, दोन-तीन पार्ट्या बांधा, मग बँकेत जा. मुद्रामध्ये छोट्या मालवाहू गाडीसाठी कर्ज मिळतं. तेव्हा बँकेला दाखवायला तुमच्याकडे कामाचा रेकॉर्ड असेल. आणखी एक माहिती: ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलं की एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. छोट्या गाडीवाल्यांना याचा मोठा दिलासा आहे.

गाडीमालकांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द

आपल्या वाचकांत उद्याचे मालक बरेच आहेत. असा एखादा माणूस फाइल घेऊन आला, तर लगेच दार लावू नका. लायसन्स चालू आहे का, ते स्वतः तपासा. चावी देण्याआधी ब्रेथ टेस्ट ठेवा, आणि ती सगळ्या ड्रायव्हरांना ठेवा. एकट्यालाच फुंकायला लावलं तर तो शिक्षा समजेल. सगळ्यांना लावलं तर ती तुमच्या धंद्याची पद्धत होते.

आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारा. ड्रायव्हर किती तास जागा आहे? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्यांना २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सलग अठरा तास पळवलेला माणूस झोप यावी म्हणून ढाब्यावर बाटली उघडतो, तेव्हा त्यात थोडा वाटा आपलाही असतो.

शेवटचं

त्या दिवशी मी आपल्या मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने कार्यशाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मग विचारलं, "सर, सुरुवात कुठून करू? कोर्टाच्या कागदापासून?"

मी म्हटलं, "नाही. डब्यापासून. आज घरी गेल्यावर वहिनींना सांगा."

त्याला ते सगळ्यात अवघड वाटलं. मालकासमोर बोलणं त्या मानाने सोपं म्हणाला. पण ज्या माणसाला घरी खरं सांगता येत नाही, तो अनोळखी मालकाला काय सांगणार?

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी लिहायला लागलाय. पगार जुन्या पगाराच्या जेमतेम निम्मा. लायसन्स यायला अजून वेळ आहे, उपचार चालू आहेत. घरी दोन दिवस कोणी बोललं नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी बायकोने डबा भरून हातात दिला आणि विचारलं, "आज खरंच कामावर ना?"

"हो म्हटलं सर. आणि खरंच होतो."

तुमच्या ओळखीत असा कोणी ड्रायव्हर असेल, तर हा लेख त्याला चारचौघांत नको, एकट्याला गाठून वाचायला द्या. आणि आजचा गृहपाठ सगळ्यांसाठी: तुमच्या धंद्यात तुम्ही जे लपवताय, ते समोरच्याला आधी स्वतः कसं सांगाल, त्याची पाच वाक्यं वहीत लिहून ठेवा.

भेटू पुढच्या भागात.